काही न करणारं आमिष

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. या लेखातला 'बास' म्हणजे 'बास झालं आता' मधला बास नव्हे. हा मासा आहे. लार्जमाउथ बास. नावाप्रमाणे तोंड हे एवढं मोठं, अंग हिरवट, बाजूने एक काळपट पट्टा आणि स्वभाव एकदम माजोरडा. अमेरिकेत लोकांना याचं इतकं वेड आहे की त्याच्यासाठी चकचकीत बोटी घेतात, त्याच्या स्पर्धा भरवतात, त्या स्पर्धा टीव्हीवर बघतात आणि एवढं सगळं करून पकडलेला मासा बहुतेक वेळा परत पाण्यात सोडून देतात. (फोनवर हे ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या होत्या, "सोडायचाच होता तर धरलास कशाला रे मेल्या?" प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.)

नोकरीनिमित्त टेक्सासात, डॅलसजवळ राहायला आल्यापासून शनिवार सकाळचा हा उद्योग मलाही लागला. आठवडाभर स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला शनिवारी पाण्यासमोर बसावंसं वाटलं तर त्यात नवल ते काय! आता ऑफिसातल्या दोनतीन मित्रांनीही रॉड घेतलेत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "आमिष कुठलं घेऊ?" प्रश्न साहजिक आहे. इथल्या मासेमारीच्या दुकानात एक अख्खी भिंत आमिषांनी भरलेली असते. चमकणारी, वाजणारी, बेडकासारखी, उंदरासारखी, तोंडाला झालर लावलेली. माणूस भांबावतो. माझं उत्तर दरवेळी ठरलेलं: मऊ प्लास्टिकची कांडी घे. पण या उत्तराला एक शेपूट आहे, आणि आजचा लेख त्या शेपटासाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. नवशिक्यासाठी या कांडीसारखं दुसरं आमिष नाही, आणि ती वापरण्यात लबाडी वगैरेही काही नाही. पण तिची पूर्ण किंमत पाकिटावर छापलेली नसते. उरलेली किंमत तळं आणि मासा भरतात. ती आपण भरू शकतो, आणि तीही फार स्वस्तात. मग न भरण्याला काही सबब उरत नाही.

आधी ही कांडी म्हणजे काय ते सांगतो. इथे हिला सॉफ्ट प्लास्टिक स्टिक बेट म्हणतात. लांबी साधारण ४ ते ६ इंच, सगळ्यात जास्त खपणारी ५ इंची. जाडी पेनाएवढी. टोकं किंचित निमुळती, अंगावर बारीक वळ्या. संपलं. डोळे नाहीत, पाय नाहीत, वळवळणारी शेपटी नाही, फिरणारं पातं नाही. बाकीची भिंत बघून झाल्यावर हिच्याकडे बघितलं की वाटतं, कारखान्यात काहीतरी लावायचं विसरलेत.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे 'सेन्को'. गॅरी यामामोटो या जपानी वंशाच्या अमेरिकन मासेमाराच्या कंपनीने १९९० च्या दशकात ती बाजारात आणली. आज यम कंपनीची 'डिंगर', स्ट्राइक किंगची 'ओचो', बर्कलीची 'जनरल' अशा कितीतरी कांड्या मिळतात. पण आपण जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो आणि कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा, तसं इथे कुठल्याही कांडीला लोक सर्रास सेन्को म्हणतात.

या कांडीच्या आधीचा इतिहासही मजेदार आहे. गळाला गांडूळ लावणं जगभर चालतं. कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्या पोरालाही ते कोणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम या गृहस्थांनी घरच्या शेगडीवर प्रयोग करकरून प्लास्टिकचं गांडूळ बनवलं आणि १९४९ साली ते विकायला काढलं. पुढे ही कंपनी टेक्सासातल्या टायलर गावी आली. ते गांडूळ अगदी खऱ्यासारखं दिसावं अशी धडपड होती. मग १९८० च्या दशकाच्या शेवटीशेवटी 'स्लग-गो' नावाचं आमिष आलं. ते गांडूळही नव्हतं आणि नीटसा मासाही नव्हता, पण दोरीला हिसका दिला की जखमी माशासारखं इकडेतिकडे पळायचं. आणि मग ही कांडी आली, जी कशासारखीच दिसत नाही आणि जिला हिसकाही द्यावा लागत नाही. म्हणजे बघा, साधारण पन्नास वर्षांत आमिष जास्त जास्त साधं होत गेलं, आणि मासे मात्र लागतच राहिले. आपल्या धंद्यात व्हर्जन बदललं की फीचर वाढतात. इथे उलटा कारभार.

मग मासे लागतात कशाने? कांडीत मीठ ठासून भरलेलं असतं. मिठामुळे ती जड होते, त्यामुळे वेगळं शिसं न लावताही लांब फेकता येते आणि आपल्या वजनाने बुडते. (खारट चवीमुळे मासा ती जास्त वेळ तोंडात धरतो असंही इथले जुने खेळाडू सांगतात. चवीचं माशालाच माहीत, पण वजनाचं मात्र खरं आहे.) शिवाय प्लास्टिक इतकं मऊ असतं की बुडताना पाण्याच्या नुसत्या विरोधाने ती थरथरते. कांडीच्या बरोबर मध्यावर गळ टोचला तर बुडताना दोन्ही टोकं पंखांसारखी वरखाली हलतात. या पद्धतीला 'वॅकी रिग' म्हणतात. वॅकी म्हणजे येडचाप. गळाला मधोमध टांगलेली कांडी एकदा बघा, नाव पटेल. दुसरी पद्धत 'टेक्सास रिग'. यात गळ टोकातून घालून वळवायचा आणि त्याचं अणकुचीदार टोक परत कांडीच्या अंगात लपवायचं. म्हणजे पाणवनस्पतीत आणि बुडालेल्या फांद्यांत तो अडकत नाही.

कांडी पाण्यात पडली की तुम्ही काय करायचं? काहीही नाही. दोरी थोडी सैल ठेवायची, कांडीला आपल्या गतीने बुडू द्यायचं आणि दोरीकडे बघत बसायचं. बास हा पाठलाग करून थकणारा मासा नाही. धक्क्याच्या सावलीत, शेवाळाच्या कडेला, बुडालेल्या खोडाजवळ तो दबा धरून बसतो. समोरून काहीतरी मऊ, बिनधोक, थरथरत खाली जाताना दिसलं की जवळ येतो आणि झटक्यात तोंड उघडतो. तोंड इतक्या वेगाने उघडतं की पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर आमिषही. तो चावत नाही, अक्षरशः गिळ घेतो. आपल्याला वर दिसतं ते इतकंच की दोरी जरा टुणकन हलली, किंवा वाऱ्याविरुद्ध एका बाजूला सरकायला लागली. तेवढ्यात दोरी गुंडाळून ताण घ्यायचा.

आता नवशिक्याला हे का सोयीचं? नवशिक्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे घाई. रीळ हातात आली की ती फिरवावीशी वाटते. दर पाच मिनिटांनी मेल रिफ्रेश करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर जास्तच. बाकीच्या आमिषांना वेग लागतो, ताल लागतो, कुठे थांबायचं ते कळावं लागतं. कांडीला हे काही लागत नाही. तिचं सगळं काम पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण करतं, आणि ते शिकलेलंच असतं. :)

याच कारणासाठी तिच्यावर नाकं मुरडणारेही पुष्कळ आहेत. "यात कसब ते काय? फेकलं आणि बसलं!" असं ऐकू येतं. मला हे काही पटत नाही. ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्याला ड्रायव्हरच न मानणारे काका आपल्याकडे असतात, त्यातलाच हा प्रकार. गिअर गेला म्हणून रस्ता ओळखणं, अंतर राखणं, ब्रेक वेळेवर मारणं संपत नाही. कांडीच्या बाबतीतही कसब नाहीसं झालं नाही, नुसती जागा बदलली. आधी ते मनगटात होतं, आता ते नजरेत आलं. मासा कुठे बसला असेल हे ओळखायला लागतं, तिथे कांडी अलगद पडेल अशी फेकायला लागते आणि दोरीची बारीकशी हालचाल वाचायला लागते. शिवाय नुसत्या कांडीने मासे धरताना शिसं लागत नाही हा फायदा कोणी सांगतच नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या तळ्यांवर लून नावाचे पाणपक्षी शिशाची छोटी वजनं गिळून मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी असल्या वजनांवर निर्बंध घातलेत. त्या मानाने कांडी गरीब बिचारी.

इथवर कौतुक झालं. आता शेपूट.

कांडीचे जे गुण आहेत तेच तिचे दोष आहेत. वेगळे दोष नाहीत, तेच. म्हणून ते कंपनीने 'दुरुस्त' केले की संपलं असंही नाही.

पहिला गुण, मऊपणा आणि सैल दोरी. टणक लाकडी किंवा प्लास्टिकचं आमिष तोंडात गेलं की माशाला लगेच संशय येतो आणि तो ते थुंकून टाकतो. कांडी मऊ असते, दोरी सैल असते, काही खटकत नाही. म्हणून तो ती धरून ठेवतो. आपल्याला उशिरा कळलं तरी मासा लागलेला असतो. वा! पण ते उशिरा कळणं माशाला महागात पडतं. तोवर कांडी ओठात राहिलेली नसते, गळ्यात उतरलेली असते. ओठात रुतलेला गळ हा ओरखडा समजा. गळ्यात रुतलेला गळ म्हणजे कल्ल्यांच्या आणि हृदयाच्या शेजारी घुसलेली सुई. कल्ल्यातून रक्त यायला लागलं की तो मासा सोडला तरी जगेल याची खात्री देता येत नाही.

"मग खाऊन टाक की," असं म्हणाल. इथेच मातोश्रींचा प्रश्न येतो. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क नावाचं एक धरणाचं तळं आहे. १९८० साली तयार झालेलं. टेक्सासातला आजवरचा सगळ्यात मोठा बास तिथेच मिळाला, जानेवारी १९९२ मध्ये, वजन १८.१८ पौंड, म्हणजे आपले सव्वाआठ किलो. असे मासे तिथे आपोआप होत नाहीत. तिथला नियम असा आहे की १६ ते २४ इंचांमधला बास घरी न्यायचा नाही, पाण्यात परत सोडायचाच. कारण हेच मासे पिल्लं घालतात आणि हेच पुढे मोठे होतात. म्हणजे १९ इंची माशाने कांडी गळ्यापर्यंत गिळली, कल्ल्यातून रक्त येतंय, तो जगणार नाही हे तुम्हाला दिसतंय, तरी कायद्याने तो पाण्यात सोडायचा. खायला नाही मिळाला तो नाहीच, आणि तळ्याचाही एक मासा गेला. तेव्हा आईला माझं उत्तर असं आहे: सोडायचा म्हणून धरला हे खरं, पण सोडलेला मासा जगला तरच त्या सोडण्याला अर्थ. नाहीतर तू म्हणतेस तेच बरोबर.

दुसरा गुण, मीठ. मिठामुळे वजन येतं, हालचाल येते, पण मीठ भरलेलं मऊ प्लास्टिक तकलादू होतं. वॅकी पद्धतीने गळ नुसता टोचलेला असेल तर एकदोन माशांत कांडी फाटते. बास पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो तेव्हा ती गळावरून सुटून लांब भिरकावली जाते आणि जाते तळाला. मीठवाली कांडी तरंगतही नाही, म्हणजे दिसतही नाही. १० कांड्यांचं पाकीट दुपारपर्यंत रिकामं होतं. थोडा हिशेब करा. समजा एका शनिवारी एका माणसाच्या चार कांड्या पाण्यात राहिल्या. असे शनिवार वर्षात वीस धरले तर एकट्या माणसाच्या ऐंशी होतात. आता शनिवारी सकाळी कुठल्याही तळ्याच्या बोट उतरवायच्या रॅम्पवर उभे राहा आणि मागे रिकामे ट्रेलर जोडलेल्या उभ्या गाड्या मोजा.

ही कांडी बहुतेक वेळा पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारं रसायन यांच्या मिश्रणाची असते. आपल्या बाथरूमच्या पाइपातलंच पीव्हीसी, फक्त मऊ केलेलं. मीठ विरघळून जातं, प्लास्टिक राहतं. तळाशी पडल्यावर ते पाणी शोषून फुगतंही. मऊ, फुगलेलं, माशाला खाण्यासारखं वाटेल असं. त्यासाठीच तर ते बनवलंय!

मासे हे खरंच गिळतात का? २००९ साली मेन राज्यात ब्रूक ट्राउट जातीच्या माशांवर प्रयोगशाळेत केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टाकीत मऊ प्लास्टिकची आमिषं टाकल्यावर निम्म्याहून जास्त माशांनी ती आपणहून खाल्ली, आणि खाणाऱ्यांचं वजन घटलं. कॅनडातल्या ओंटारियोमधल्या एका तळ्यावरचा अभ्यास २०१४ साली आला. त्यात प्रत्यक्ष तळ्यातल्या माशांच्या पोटात मात्र असं प्लास्टिक फार थोड्यांकडे सापडलं. दोन्ही गोष्टी सांगतो, कारण एकच सांगितली तर ती वकिली होईल. म्हणजे प्रलय आलेला नाही. पण टाकीतला मासा जे करतो ते तळ्यातला मासा कधीच करणार नाही, यावर पैज लावायला मी तरी तयार नाही.

मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ साली असल्या आमिषांवर सरसकट बंदी घालण्याचं विधेयक आलं होतं. मासेमारांनी आणि कंपन्यांनी आरडाओरडा केला. बंदी आली नाही, राज्याच्या मत्स्यखात्याला विषयाचा अभ्यास करायला सांगण्यात आलं. त्याच सुमारास या धंद्यातल्या मंडळींनी 'वापरलेलं प्लास्टिक कचऱ्यात टाकू' अशी शपथ घ्यायची मोहीम काढली. मला विचाराल तर बंदी हा चुकीचा इलाज होता. कांडी गेली असती तर तिच्या जागी शिसं आलं असतं, किंवा तीन तोंडांचे गळ लावलेली टणक आमिषं, आणि मासा त्यातूनही सुखी झाला नसता. पण नुसती शपथ हाही इलाज नाही. शपथ घ्यायला काही लागत नाही, आणि म्हणूनच ती पाळायलाही काही लागत नाही.

"एका कांडीने काय होतंय? तळ्यात बिअरच्या बाटल्या, डायपर, काय काय असतं!" हा युक्तिवाद तर दर शनिवारी ऐकतो. हा युक्तिवाद ओळखीचा वाटत नाही का? आपल्याकडे निर्माल्याच्या पिशवीसकट नदीत टाकणारा हेच म्हणतो. बाटली टाकणारा निदान मासे धरायला आलेला नसतो. आपण त्या तळ्याकडून दर आठवड्याला काहीतरी मागायला जातो. मागणाऱ्याने तरी तिथे घाण करू नये.

असो. उपदेश पुरे, आता करायचं काय ते सांगतो. सगळं मिळून दहा डॉलरच्या आतलं काम आहे.

एक. रबरी रिंगा घ्या. नळाच्या वॉशरसारखी छोटी रिंग कांडीच्या मध्यावर चढवायची आणि गळ कांडीत न टोचता रिंगेखालून घालायचा. चढवायला एक छोटं नळीसारखं हत्यार मिळतं. आता माशाने डोकं झटकलं तरी ताण रिंगेवर येतो, कांडी फाटत नाही. दोन माशांत जाणारी कांडी सहासात मासे सहज काढते. म्हणजे पाण्यात जाणारं प्लास्टिकही कमी आणि खिशाची कात्रीही कमी. सातआठ डॉलरचं पाकीट आहे हो, मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. टेक्सास रिगमध्ये कांडीचं टोक फाटलं तर ती उलटी करून दुसऱ्या टोकाने लावा. कशासारखीच दिसत नसल्यामुळे तिला पुढचं-मागचं नसतं.

दोन. दोरीवर नजर ठेवा. फोन खिशात. अगदी खरं सांगतो, कांडी बुडत असताना व्हॉट्सॲप बघणं हे माशाच्या गळ्यात गळ उतरवण्याचं मुख्य कारण आहे. उजळ रंगाची दोरी आणि पुढे चारपाच फूट पारदर्शक दोरी जोडली की हालचाल चटकन दिसते. दोरी अगदी ढिली सोडू नका, हलकासा झोळ पुरे. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका, काढायला सोपा जातो. आणि एवढं करूनही गळ खोल गेला असेल, हाताला नीट येत नसेल, तर ओढाताण करत बसू नका. दोरी गळाजवळ कापा आणि माशाला पाण्यात जाऊ द्या. दहा सेंटचा गळ आहे.

तीन. फाटक्या कांड्या परत आणा. एक झिपवाली पिशवी खिशात ठेवली की झालं. आपल्या घरी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, रद्दीवाल्याला देणारी पिढी अजून आहे. त्यांना कुणी शपथ दिली नव्हती. फेकायचं नाही, एवढंच अंगवळणी पडलेलं होतं. इथे काही हौशी लोक जुन्या कांड्या वितळवून साच्यात ओतून नव्या करतात. (स्वयंपाकघरात करू नका, वाफ चांगली नसते.) तेवढा उत्साह नसेल तर सरळ कचऱ्याच्या डब्यात, पण तळ्यात नाही.

"मग दुसऱ्या मटेरियलच्या कांड्या का नाही घ्यायच्या?" असं आमच्यातला एक जण विचारतो. घ्याव्यात की. पीव्हीसी नसलेल्या, रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या कांड्या मिळतात. झी-मॅन कंपनीच्या प्रसिद्ध आहेत. त्या फाटता फाटत नाहीत. पण ते मटेरियल मुळात तरंगणारं, त्यामुळे ती संथ थरथर तशीच्या तशी येत नाही. शिवाय त्या साध्या प्लास्टिकच्या कांड्यांबरोबर एका डब्यात ठेवल्या तर दोन्ही मिळून चिकट काला होतो, तेव्हा डबे वेगळे ठेवा. पाण्यावर आधारलेली, बर्कलीची 'गल्प' सारखी आमिषंही आहेत. ती गळावर वाळली की दगड होतात. म्हणजे पर्याय आहेत, पण फुकटात काही मिळत नाही. म्हणूनच मी म्हणतो की कांडी सोडू नका, वापरायची रीत बदला.

आणि चौथी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली नाही, ती मागायची गोष्ट आहे. टेक्सासात बऱ्याच धक्क्यांवर आणि रॅम्पवर तुटलेली मासेमारीची दोरी टाकायला पाइपाचा एक उभा डबा लावलेला असतो. पक्षी त्या दोरीत अडकून मरतात म्हणून. लोक वापरतातही. त्याच्याच शेजारी कांड्यांसाठी दुसरा डबा लावायला किती खर्च येणार? आणि १० कांड्यांच्या पाकिटात दोन रबरी रिंगा घालायला कंपनीला किती? जी वस्तू फाटणार हे बनवणाऱ्याला माहीत आहे, ती न फाटण्याचा उपाय वेगळा विकत घ्यायला लावणं हे जरा जास्तच होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बग माहीत आहे, पॅच तयार आहे, पण तो वेगळ्या लायसन्सवर विकायला ठेवलाय.

मला ही कांडी आवडते, हे वरचं सगळं वाचूनही लक्षात आलं असेल. माणसाला दोन तास गप्प बसवून पाण्याकडे बघायला लावणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. पण "काही करायचं नाही" ही तिची जाहिरात अर्धीच खरी आहे. कांडी पाण्यात असताना काही करायचं नाही, हे बरोबर. ती गळावर चढवताना आणि ती फाटल्यावर जे करायचं, ते मात्र आपल्यालाच करायचं आहे. मासे मला ज्या तळ्याने दिले त्याच्या तळाशी माझी खूण म्हणून हिरवट प्लास्टिक उरावं, असं मला तरी वाटत नाही.

तर पुढच्या वेळी कोणी विचारलं "आमिष कुठलं घेऊ?", की सांगा: कांडी घे, रिंगा घे, आणि एक रिकामी पिशवी घे. तिन्ही मिळून एक आमिष.